धार लावण्याचे दगड

चाकू, सुरी, विळी, वस्तरा, विळा, कोयता, कुऱ्हाड, रंध्याचे पाते इ. हत्यारांची बोथट झालेली कड घासून ती पुन्हा तीक्ष्ण करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक अथवा कृत्रिम दगडांना धार लावण्याचे दगड म्हणतात. मराठीत सपाट, हाताने वापरावयाच्या दगडाला निसणा आणि फिरत्या चाकाला सराण अथवा शाण अशी नावे आहेत. धार लावण्याच्या क्रियेस पाजविणे असाही शब्द आहे. या क्रियेमागील तत्त्व अश्मयुगापासून बदललेले नाही. मात्र दगडाचा प्रकार व त्याची गती बदलत गेली आणि त्या बदलांचा परिणाम दगडापाशी बसणाऱ्या कारागिराच्या आयुर्मानावरही झाला. त्यामुळे या साध्या साधनाचा इतिहास तंत्रविद्येइतकाच श्रमिकांच्या आरोग्याचाही इतिहास आहे.

तत्त्व : पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथे मिळतात ती कड वापराने झिजून गोलसर होते किंवा एका बाजूस मुडपते. धार लावताना दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पोलाद खरवडून काढले जाते आणि त्या पुन्हा एका बारीक रेषेत मिळविल्या जातात. यासाठी दगडातील कण पोलादापेक्षा कठीण असावे लागतात. मोस मापक्रमानुसार कठीण केलेल्या पोलादाची कठिनता सु. ६·५, क्वॉर्ट्झची ७, कुरुविंदाची ९ व हिऱ्याची १० आहे. वालुकाश्म, काही पाटीचे दगड व सुभाजा (शिस्ट) यांत क्वॉर्ट्झचे कण भरपूर असल्यामुळे ते पूर्वापार या कामी आले. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या काळ्या पाषाणातील (बेसाल्टातील) मुख्य खनिजांची कठिनता साधारणपणे ५ ते ६·५ असते. त्यामुळे पाट्याच्या किंवा पायरीच्या दगडावर सुरी घासल्यास मुडपलेली कड काहीशी सरळ होते, पण कठीण पोलादाला टिकाऊ धार येत नाही.

केवळ कठिनता मात्र पुरेशी नसते. कणांना धरून ठेवणारे द्रव्य फार घट्ट असेल, तर झिजलेले कण जागीच राहतात व दगड गुळगुळीत होऊन निकामी होतो. ते फार सैल असेल, तर दगडच लवकर संपतो. चांगला दगड पात्याला झिजवितो आणि स्वतःही बेताने झिजतो. जुने कण सुटून खालचे नवे कण उघडे पडत राहणे हेच त्याच्या गुणाचे लक्षण होय. घासताना सुटलेली पोलादाची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसू नये, म्हणून त्यावर पाणी किंवा तेल वापरतात. पाण्यामुळे पाते थंडही राहते. फिरत्या कोरड्या चाकावर कड झपाट्याने तापते. साध्या कार्बनी पोलादाचे तापमान सु. २००° से. च्या वर गेल्यास त्याची कठिनता कमी होऊ लागते आणि सु. ३००° से. ला त्यावर निळसर झाक येते. अशा जागी लावलेली धार टिकत नाही.

हाताने धार लावण्याचे तंत्र : या तंत्राचा मुख्य भाग म्हणजे पात्याचा दगडाशी असलेला कोन आरंभापासून अखेरपर्यंत स्थिर ठेवणे. स्वयंपाकाच्या सुरीसाठी प्रत्येक बाजूस सु. १५° ते २०° कोन योग्य ठरतो. पात्याची रुंदी ४ सेंमी. असेल, तर १५° कोनासाठी त्याची पाठ दगडापासून सु. १ सेंमी. उचलावी लागते. कुऱ्हाड, कोयता यांसारख्या आघाताने तोडणाऱ्या हत्यारांना अधिक मोठा कोन देतात, कारण पातळ कड आघाताने मोडते. जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू खोलगट घडविलेल्या असतात. तो दगडावर आडवा ठेवला असता त्याची पाठ व कड या दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे त्याचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो पात्याच्या घडणीतच ठरलेला असतो. विळ्याचे पाते वक्र असते व विळीचे पाते पाटात बसविलेले असते. म्हणून तेथे पाते स्थिर ठेवून दगडच हातात धरून कडेवर फिरवितात.

प्रथम भरड दगडावर एक बाजू टाचेपासून टोकापर्यंत सारख्या दाबाने घासतात. पुरेसे घासले गेले की दुसऱ्या बाजूस धातूची अतिशय पातळ व खरखरीत कोर उलटलेली बोटास जाणवते. ती पाहताना बोट पाठीकडून कडेकडे व कडेच्या बाहेर न्यावे, कडेच्या लांबीवरून फिरवू नये. ही कोर कडेच्या संपूर्ण लांबीवर आली, म्हणजे त्या बाजूचे काम पूर्ण झाले असे समजतात. नवशिक्याची धार बहुधा येथेच फसते. कोर येण्यापूर्वी बाजू बदलल्यास दोन्ही उतार कडेपर्यंत पोहोचत नाहीत आणि पाते चकचकीत, पण बोथटच राहते. दुसरी बाजू तशीच घासल्यावर क्रमाने अधिक बारीक दगड घेतात व दाब कमी करीत जातात. बारीक दगडाचे काम भरड दगडाने पाडलेले ओरखडे पुसण्याचे व कोर क्षीण करण्याचे असते. उरलेली कोर चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढल्याने निघून जाते.

दगडांचा भरडपणा क्रमांकाने दर्शवितात. सर्वसाधारणपणे २०० ते ४०० क्रमांकाचे दगड भरड, ८०० ते १,२०० चे मध्यम व ३,००० च्या पुढचे बारीक समजले जातात. जपानी मापक्रमानुसार १,००० क्रमांकाच्या दगडातील कण सु. १५ मायक्रॉन आकाराचे असतात. वापराने दगड मध्यभागी खोलगट होतो व खोलगट दगडावर कोन स्थिर राहत नाही. म्हणून दगड वेळोवेळी दुसऱ्या सपाट व भरड पृष्ठावर घासून समतल करावा लागतो.

प्राचीन काळ : धार लावण्याचा दगड धातूंपेक्षा कितीतरी जुना आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात घासून धार काढलेल्या दगडी कुऱ्हाडीचा सु. ४५,००० वर्षांपूर्वीचा तुकडा मिळाला असून जपानातही उत्तर पुराणाश्मयुगातील अशा कुऱ्हाडी सापडल्या आहेत. नवाश्मयुगात हे तंत्र सर्वत्र पसरले. कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू–कुप्पगल टेकड्यांवर डोलेराइट खडकापासून कुऱ्हाडी बनविण्याचे मोठे केंद्र होते. तेथील खडकांवर कुऱ्हाडी घासून पडलेल्या खाचा अद्याप दिसतात. फ्रान्स व इंग्लंड येथेही अशा खाचांचे मोठे दगड आहेत.

ब्राँझ युगात हत्यारे हलकी व वैयक्तिक झाली, त्याबरोबर दगडही लहान झाला. इंग्लंडमधील या काळाच्या काही थडग्यांत टोकास भोक पाडलेले लहान निसणे आढळतात. ते कमरेस किंवा गळ्यात अडकवून नेत असावेत. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने आपल्या नॅचरलिस हिस्टोरिया या ग्रंथाच्या छत्तिसाव्या भागात या दगडांचे वर्गीकरण दिले आहे. काही दगडांना तेल लागते, काहींना पाणी. तेलाच्या दगडांत क्रीटचे दगड दीर्घकाळ प्रसिद्ध होते व पाण्याच्या दगडांत नॅक्सॉस बेटावरील श्रेष्ठ समजले जात, असे तो सांगतो. न्हाव्याच्या दुकानात थुंकीने ओले करून वापरण्याच्या दगडांचाही त्याने वेगळा प्रकार नोंदविला आहे. नॅक्सॉस हे बेट एमरी या कुरुविंदयुक्त खडकासाठी पुढेही प्रसिद्ध राहिले.

भारतीय परंपरा : ऋग्वेदात वस्तऱ्याला धार लावण्याच्या क्रियेचा उपमेसाठी उपयोग केलेला आहे. शाण हा शब्द संस्कृत साहित्यात हत्यारांच्या व रत्नांच्या घर्षणासाठी येतो. शाणेवर घासला गेलेला मणी आकाराने क्षीण झाला, तरी शोभतो, अशा आशयाचा दृष्टांत भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे.

या विषयातील भारताचे खास योगदान म्हणजे कुरुविंदाचा उपयोग होय. या खनिजाचे साठे कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेश या राज्यांत असून महाराष्ट्रात ते भंडारा जिल्ह्यात आढळते. त्याचे ‘कोरंडम’ हे यूरोपीय नावही तमिळ ‘कुरुंदम्’ या शब्दावरून आले असून मराठीत त्यास कुरुंद म्हणतात. कुरुंदाची भुकटी वितळलेल्या लाखेत कालवून तिचे चाक ओतावयाचे आणि ते आसावर बसवून दोरीने अथवा पट्ट्याने फिरवावयाचे, ही पद्धत येथील मणिकार व शस्त्रकारागीर यांच्यात रूढ होती. कठीण कण एका निराळ्या बंधकद्रव्यात बसवून हवा तो भरडपणा साधणे हे आजच्या कृत्रिम घर्षणचाकांचे तत्त्व या लाखी सराणेत स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपीय खनिजशास्त्रज्ञांचे या द्रव्याकडे लक्ष वेधले. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातील कुरुविंदावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला.

शस्त्रांना धार व जिल्हई देणाऱ्या कारागिरांना शिकलगार म्हणत. घासून चकाकी आणणे या अर्थाच्या अरबी ‘सैकल’ या शब्दाला फार्सी ‘गर’ हा प्रत्यय लागून हे नाव बनले आहे. शस्त्रागारांचे महत्त्व संपल्यावर यांपैकी अनेक कुटुंबे चाकू, कात्री, विळी यांना धार लावण्याच्या फिरत्या व्यवसायात आली. पायटाने फिरणारे चाक खांद्यावरून नेणारा आणि पुढे सायकलवर बसविलेले चाक पायाने फिरविणारा धारवाला हा शहरी वस्त्यांत परिचयाचा झाला.

मध्ययुगातील व्यापार व फिरता दगड : मध्ययुगीन यूरोपात धारीच्या दगडाचा दूरवर व्यापार चाले. नॉर्वेतील टेलेमार्क प्रदेशातल्या आइड्सबोर्ग येथील सुभाजेचे निसणे उत्तर यूरोपच्या अनेक बंदरांत सापडले आहेत. तेथील खाणकाम विसाव्या शतकापर्यंत चालू होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर क्लॉस्टाड येथे मिळालेल्या दहाव्या शतकाच्या अखेरच्या जहाजात निसण्यांचा माल होता. ज्याच्याकडे चांगला दगड त्याचे शस्त्र सज्ज, या जाणिवेमुळे दगडाला सत्तेचे प्रतीक म्हणूनही स्थान मिळाले. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये उत्खनन झालेल्या सातव्या शतकातील नौकादफनात दोन्ही टोकांस मानवी मुखे कोरलेला व कधीही न वापरलेला लांब निसणा मिळाला. तो राजदंड असावा असे मानतात. सध्या तो ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे.

सु. ८२०–३० च्या दरम्यान तयार झालेल्या यूट्रेक्ट स्तोत्रसंहितेच्या हस्तलिखितात दोन प्रकारे धार लावणारी माणसे रेखाटली आहेत. एका बाजूस तलवार लांब निसण्यावर घासली जात आहे, तर दुसऱ्या बाजूस एक जण भुजेच्या साहाय्याने वाटोळा दगड फिरवीत असून दुसरा त्यावर तलवार धरून आहे. यूरोपातील फिरत्या धारदगडाचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र होय. फिरत्या दगडाने काम कितीतरी जलद होऊ लागले. पुढे भुजेची जागा पाणचक्कीने घेतली.

जलशक्ती व धंद्याची केंद्रे : इंग्लंडमध्ये शेफील्ड, जर्मनीत झोलिंगेन व फ्रान्समध्ये त्येर ही सुऱ्या-चाकूंची केंद्रे वेगाने वाहणाऱ्या नद्यांच्या काठी वाढली. शेफील्डच्या परिसरातील कारागिरांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला. तेथे घडविणे, धार लावणे व मूठ बसविणे ही कामे वेगवेगळे कारागीर करीत. धार लावणारा लाकडी बैठकीवर घोड्यावर बसल्याप्रमाणे बसून समोरच्या वालुकाश्माच्या चाकावर पाते दाबून धरी. त्येर येथे कारागीर फळीवर पालथे पडून खालच्या फिरत्या दगडावर काम करीत. थंडीत ऊब मिळावी म्हणून ते पायांवर कुत्रा बसवीत.

धार लावणाऱ्यांचा रोग : वालुकाश्माचे चाक म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वॉर्ट्झ, म्हणजेच सिलिका होय. ते फिरताना त्याची सूक्ष्म धूळ हवेत मिसळते. सुऱ्यांची पाती बहुधा ओल्या दगडावर घासली जात, परंतु काटे व सुया यांचे काम कोरड्या दगडावर चाले आणि त्यात धूळ सर्वांत अधिक उडे. नवा किंवा वेडावाकडा झिजलेला दगड पोलादी सळईने कोरडाच तासून गोल करावा लागे. ओल्या दगडावर काम करणाऱ्यांनाही त्या वेळी धुळीपासून सुटका नसे.

शेफील्ड येथील वैद्य आर्नल्ड नाइट यांनी १८३० मध्ये या कारागिरांच्या ‘दम्या’चे वर्णन प्रसिद्ध केले. कोरड्या दगडावर काम करणारे वयाची पस्तिशी क्वचित गाठतात व ओल्या दगडावरचे पंचेचाळिशी क्वचित ओलांडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. फ्रीड्रिख एंगेल्स यांनी इंग्लंडमधील श्रमिकवर्गाच्या स्थितीवरील आपल्या १८४५ च्या ग्रंथात ते उद्धृत केले आहे. त्याच शहरातील वैद्य जी. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाणचक्कीच्या काळात नदीचे पाणी आटले की काम आपोआप थांबे व कारागिराला मोकळी हवा मिळे. वाफेच्या एंजिनामुळे बंद खोल्यांत, शेजारी शेजारी बसून वर्षभर काम करणे शक्य झाले. ज्या सुधारणेमुळे उत्पादन वाढले तिनेच रोगही वाढविला.

उपाय सुचले नव्हते असे नाही. शेफील्ड येथील जे. एच्. अब्राहम यांनी १८२० च्या दशकारंभी पोलादाचे कण ओढून घेणारे चुंबकीय मुखावरण तयार केले. परंतु अपाय मुख्यतः दगडाच्या धुळीचा होता आणि चुंबक तिला रोखू शकत नव्हता. कारागिरांनीही ते स्वीकारले नाही. धंदा निर्धोक झाला, तर त्यात माणसांची गर्दी होऊन मजुरी उतरेल, ही भीती त्यामागे असल्याचे तत्कालीन निरीक्षकांनी नोंदविले आहे. जोखमीमुळेच ज्यांचे वेतन टिकून होते, त्यांना जोखीम कमी करणेही परवडत नव्हते. या रोगाला पुढे सिलिकोसिस हे नाव मिळाले. त्यात फुप्फुसात तंतुमय गाठी निर्माण होऊन श्वसनक्षमता कायमची घटते व क्षयरोगाची शक्यता वाढते. त्यावर रोग मुळापासून बरा करणारा उपाय अजूनही नाही.

कृत्रिम दगड : या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने दगड बदलल्यामुळे मिळाले. अमेरिकन संशोधक एडवर्ड गुडरिच अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले व त्यास ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. नायगारा येथे स्वस्त वीज उपलब्ध झाल्यावर त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले. सुमारे त्याच काळात बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुविंद (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) बनविण्यात यश आले. या द्रव्यांचे कण चाळून, मातीच्या किंवा रेझिनाच्या बंधकात बसवून, हव्या त्या भरडपणाची व घट्टपणाची चाके आणि निसणे बनविता येऊ लागले. त्यांत मुक्त सिलिका फारच कमी असते. ब्रिटनमध्ये सुऱ्या व धारदार हत्यारे घासण्याच्या धंद्यासाठी १९२५ मध्ये खास नियम झाले आणि धूळ खेचून घेणारे पंखे व कृत्रिम चाके यांचा प्रसार होऊन वालुकाश्माची चाके हळूहळू मागे पडली.

भारतात मुंबईजवळ उरण भागातील मोरा येथे ग्राइंडवेल या कंपनीने (स्थापना १९४१) आणि मद्रास येथे कार्बोरंडम युनिव्हर्सल या कंपनीने (स्थापना १९५४) घर्षणचाकांचे उत्पादन सुरू केले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या परिशिष्टात सिलिकोसिसचा समावेश अधिसूचनीय रोगांत करण्यात आला. मात्र घरगुती व असंघटित धंद्यांतील दगडकामगारांपर्यंत हे संरक्षण पुरतेपणी पोहोचलेले नाही.

नैसर्गिक दगडांचे स्थान : कृत्रिम दगडांमुळे नैसर्गिक दगड पूर्णपणे नाहीसे झाले नाहीत. बेल्जियमच्या आर्देन प्रदेशातील पिवळसर ‘कोतिक्यूल’ दगडात गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात व तो वस्तऱ्यांसाठी नावाजला गेला. अमेरिकेच्या आर्कॅन्सॉ राज्यातील नोव्हॅक्युलाइट हा अतिसूक्ष्मकणी क्वॉर्ट्झचा दगड तेलाबरोबर वापरतात. जपानात क्योटोच्या परिसरातील बारीक दगडांना अंतिम संस्कारासाठी विशेष मान आहे. तेथे तलवार घडविणारा व तिला धार आणि झळाळी देणारा हे वेगवेगळे कारागीर असतात. होनआमी घराण्याने या दुसऱ्या कलेत पिढ्यान् पिढ्या कीर्ती मिळविली. तलवार क्रमाने बारीक होत जाणाऱ्या अनेक दगडांवर पाण्याने घासली जाते आणि पोलादाच्या पोतातील फरकही त्यामुळे दृश्य होतात.

हिऱ्याची भुकटी बसविलेल्या धातूच्या पट्ट्या व विजेवर चालणारी लहान यंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. त्यांनी वेळ वाचतो, परंतु वेगवान कोरड्या चाकावर पात्याचा बराच भाग व्यर्थ झिजतो आणि निष्काळजीपणे धरल्यास त्याचे पाणी उतरते. पाण्याने भिजविलेल्या निसण्यावर संथपणे लावलेल्या धारेत हे दोष नसतात. तिची धूळ हवेत न उडता पाण्याबरोबर चिखल होऊन दगडावरच राहते. गतीच्या मोबदल्यात शेफील्डच्या कारागिरांना जी किंमत द्यावी लागली, ती या जुन्या पद्धतीने कोणाकडूनही घेतली नाही.